चार वायरी

एसी लावला की इंजिन मिसिंग मारायचं, बंद केला की शहाण्यासारखं चालायचं. बापूसाहेबांच्या वडलांची ही जुनी विलायती गाडी. लेकीच्या, मोनालीच्या लग्नासाठी बापूसाहेबांनी हौसेनं गाडीला एसी बसवला होता. उद्या याच गाडीतून मोनालीची शिरूरला पाठवणी व्हायची, आणि दौंडपर्यंतच्या सगळ्या मेकॅनिकांनी हात टेकले होते. म्हणूनच पाटसच्या महिपती मिस्त्रीला चेव चढला होता.

"एसी फुल्ल करा, बापूसाहेब! आन् गाडी चालूच ठेवा."

बॉनेट वर गेलं. मिस्त्रीची रीत ठरलेली. चालू इंजिनच्या प्लगला ठिणगी देणारी एकेक वायर उपसायची; जिथं आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला.

त्यानं पहिली उपसली. आवाज बदलला नाही.

"घावला!" मिस्त्री ओरडलाच. खात्रीसाठी त्यानं दुसरीही उपसली. आवाज तोच. तिसरी उपसली. तरी आवाज तोच. हात मात्र थांबेना. चौथी आणि शेवटची वायर त्यानं ओढून काढली.

आणि मिसिंग थांबलं. इंजिन कसं झक्कास चालू लागलं.

"वा मिस्त्री, जिंकलंत!" बापूसाहेब आतून ओरडले. "आन् एसी काय गार पडलाय! वैशाखात हुडहुडी भरली की!"

मिस्त्रीच्या मुठीत चारही वायरी लोंबत होत्या.

"बंद करा," तो कसाबसा म्हणाला. "आधी गाडी बंद करा."

बापूसाहेब दार उघडून खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी मूठ उघडली.

"किल्ली तर ही काढली, मिस्त्री."

तेवढ्यात रिकाम्या गाडीची रेस कुणीतरी हळूच वाढवली.