समोरची जागा

धुरपता आजीनं नातीला कडेवरून उतरवलं आणि स्टेजसमोरच्या पोत्यावर बसवलं. खताची रिकामी पोती उसवून, जोडून शिवलेलं ते मोठं पोतं होतं. दिव्यानीचा पाय तिनं सरळ केला. मांडीपासून घोट्यापर्यंतचं प्लास्टर मळून राखेच्या रंगाचं झालं होतं.

"आता हालू नोको," आजी म्हणाली आणि स्वतःच हसली. "हालशीन तरी कुठी? कोणी आलं तं आरड. अंकुश मले पुढूनच दिसन."

अंकुश म्हणजे दिव्यानीचा बाप. आज रात्रीच्या नाटकात तो हवालदार होता. एकच प्रवेश. त्यातली वाक्यं तो रोज बैलांना म्हणून दाखवत होता. आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. लांबचं माणूस तिला धुरासारखं दिसायचं.

आजी स्वयंपाकाला घरी गेली.

धान कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या बांधीत मंडप घातला होता. जमीन चोपून शेणानं सारवली होती. स्टेजवर दोन माणसं जंगलाचा पडदा टांगत होती. पडद्यावरची झाडं फारच हिरवी होती, आणि सगळी एकाच जातीची. दिव्यानी खराट्याची काडी प्लास्टरात घालून खाजवत ती बघत राहिली. खाटेवर पडून छपराची कवेलू बघण्यापेक्षा हे बरं होतं.

खालच्या मोहल्ल्यातले चैतू आणि पवन निळी ताडपत्री घेऊन आले. पाचवी-सहावीतली पोरं.

"सरक वं," चैतू म्हणाला.

"मले सरकता येत नाई."

"मंग आमी सरकवतो."

दोघांनी मागून पोत्याची टोकं धरली आणि ओढलं. दिव्यानीनं आरडायला तोंड उघडलं. पोतं सारवलेल्या जमिनीवरून सुळकन निघालं. स्टेज लहान होत गेलं. पताका डोक्यावरून पळू लागल्या. दिवाळीपासून ती खाटेवरून अंगणात आणि अंगणातून खाटेवर, एवढीच हलली होती, तीही कोणाच्या तरी कडेवर. तोंडातून ओरड निघालीच नाही. हसू निघालं.

पोरांनी तिला पार मागच्या खांबापाशी सोडलं. पुढे जाऊन ताडपत्री अंथरली, चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले.

"अजून," दिव्यानी मागून ओरडली.

"काय अजून?"

"अजून ओढा."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. ती भांडायच्या तयारीनं आली होती. मग चैतू परत आला, त्याच्या मागे पवन. मंडपाला एक चक्कर झाली. मग आणखी एक. वळणावर दिव्यानी दोन्ही हातांनी पाय धरायची. बाकीची पोरंही जमली. पडदा टांगणारा वरून ओरडला, "अबे, पोरीचा दुसरा पाय तरी ठेवजा!"

"आता मी बसतो, तू उतर," चैतू धापा टाकत म्हणाला.

"तुले पलास्टर हाय का?"

चैतूनं आपल्या धडधाकट पायांकडे बघितलं. त्यानं पुन्हा टोक धरलं.

ऊन कललं तेव्हा आजी आली. काखेत चादर, हातात पाण्याची बाटली. समोर जाऊन ती वाकून बघू लागली. ताडपत्री हातानं चाचपली. शेजारी बसलेल्या एका पोरीची हनुवटी धरून तोंड वर केलं, मग सोडून दिलं.

"दिव्यानी?"

मागच्या खांबापाशी दिव्यानीचं हसू थांबलं. आपल्याला समोर का बसवलं होतं, ते तिला आता आठवलं.

"आजी, मी इथी हाय."

आवाजाच्या रोखानं आजी आली. आधी तिनं प्लास्टरवरून हात फिरवला. मग पोत्याला पडलेल्या भोकात बोट घातलं.

"इथी कशी आली तू?"

चैतू पवनच्या मागे सरकला. दिव्यानीनं दोघांकडे बघितलं.

"चालत आली."

"हो का?" आजी म्हणाली. सारवणावर मंडपभर पोतं ओढल्याचा गोल पट्टा उमटला होता. तो तिच्या डोळ्यांनाही दिसण्यासारखा होता.

दिव्यानीनं आजीचं लुगडं धरलं. "बाबा नाई दिसन ना आता तुले?"

पवन कोणी न सांगता पुढे पळाला. त्यानं दोन धोंडे उचलले, निळी ताडपत्री अर्धी दुमडली आणि हात हलवून खूण केली. चैतू पोत्याचं टोक धरायला वाकला.

"थांब," आजी म्हणाली.

लुगडं सावरून ती दिव्यानीच्या मागे पोत्यावर बसली. नातीला पुढ्यात घेतलं. चादरीची घडी तिच्या पायाखाली सारली. पोतं आता भरून गेलं.

"सगळे धरा रे. म्हातारी हलकी असली तरी म्हातारी हाय."

पाच-सहा पोरांनी टोकं धरली आणि पोतं समोरच्या जागेकडे वळवलं.

"सीधं काऊन नेता?" आजी म्हणाली. "पयले एक चक्कर मारा."