किती पोरांचा तांदूळ?

“शाळा वाचावी असं ज्याला वाटतंय त्यानं हात वर करा,” विजयसिंह आबा माइकवर म्हणाले आणि अख्ख्या मंडपानं हात वर केला. दोनशे बारा हात. मोजायला शाळेचे दोन्ही गुरुजी लावले होते.

साखरबाई मागं चुलीपाशी उभी होती. वस्तीवरच्या या मराठी शाळेत ती बारा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होती. पट नऊ. सोमवारी साहेब पट मोजायला येणार होते. दहा भरले नाहीत तर शाळेला कुलूप लागणार, नऊ पोरं ओढा ओलांडून दुसऱ्या शाळेत चालत जाणार आणि साखरबाई घरी बसणार.

त्याआधी तीन भाषणं झाली होती. पहिल्यात मराठी अमृत झाली. दुसऱ्यात वाघिणीचं दूध झाली. ते खरं तर इंग्रजीला म्हणतात, पण टाळ्या पडल्या. तिसऱ्यात आबांनी रक्ताचा शेवटचा थेंब देऊ केला. पोरगं मात्र कुणीच देऊ केलं नाही.

साखरबाई पदराला हात पुसत पुढं आली.

“आबा, सोमवारी किती पोरांचा तांदूळ घेऊ?”

हात खाली आले. एकच वर राहिला. तो मंडपवाल्या रामचा. त्यानं लोंबती वायर धरली होती, आणि त्याचं अजून लगीनही व्हायचं होतं.

“साखरबाई, ही तत्त्वाची लढाई हाय,” आबा म्हणाले. “त्यात तांदूळ कशाला काढतीस?”

पहिल्या रांगेतून दत्तोबा ओरडला, “आन तुझी नात गं? छकुली कुठं जाती? पिवळ्या गाडीतच बसती न्हवं?”

मंडप खदाखदा हसला. दिवसभरात तेवढंच काय ते मनापासून झालं.

दत्तोबा खोटं बोलत नव्हता. छकुली दुसरीला होती, बारामतीच्या इंग्रजी शाळेत. तिच्या बुटांना पॉलिश साखरबाईच करायची. टायची गाठ मारायला ती मोबाईलवर बघून शिकली होती. पोरीनं शेजारणीला ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की दिवसभर साखरबाईचे पाय जमिनीला लागत नसत. जगाच्या पोरांना मराठी आणि आपल्या पोरीला टाय, हा वस्तीचा नियमच होता. तिनं तो मोडला नव्हता.

साखरबाई चुलीपाशी गेली.

ठराव एकमतानं पास झाला. फोटो निघाले. मग सगळ्यांनी खिचडी खाल्ली. आबांनी दोनदा घेतली.

सोमवारी पिवळी गाडी साखरबाईच्या दारात उभी राहिली. तीनदा हॉर्न वाजला. साखरबाई उंबऱ्यात आली.

“जा बाबा तू,” ती ड्रायव्हरला म्हणाली.

आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. गाडी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

साहेब दुपारी आले, ऐन जेवणाच्या वेळी. पोरं व्हरांड्यात ओळीनं बसली होती. साहेबांनी बोट नाचवत एकेक मोजलं. नऊ ताटल्या शाळेच्या होत्या, एक साखरबाईनं घरून आणलेली.

दहावी पोरगी टाय लावून बसली होती.