लाल तेवढं ठेवून

"लाल तेवढं ठेवून बाकीचे सगळे रंग तुम्ही उडवलेत," लीलाधर सर म्हणाले. स्पर्धेचे मुख्य परीक्षक ते.

टेबलावर प्रेमराजनं काढलेला फोटो पडला होता. सोनगीरजवळचं खडी क्रशर. धुळीनं माखलेले मजूर, झाडं, ट्रक, आणि मधोमध लुगडं नेसून कमरेवर हात ठेवून हसणारी मजूर बेबाबाई.

"मी यातलं काहीच उडवलेलं नाही, सर."

"नियम स्पष्ट आहे. फोटो एक तर पूर्ण रंगीत, नाही तर पूर्ण कृष्णधवल. इथे लुगडं लालभडक आणि बाकी सगळं राखाडी. कॉम्प्युटरवर केल्याशिवाय असं होतं का?"

प्रेमराजनं शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. पिंप्राळ्यातला स्टुडिओ दोघांचा. लग्नांत धावपळ करून फोटो काढायचे ते त्यानं. अल्बममधले रंग सावरायचं काम पहिल्यापासून पुनमचं. हा फोटोही तिनंच पाठवला होता.

"तू काही केलंस का?" त्यानं हळूच विचारलं.

"हातही लावला नाही."

सरांनी ते ऐकलं. "मला तुम्हाला बाद करावं लागेल. पुढच्या स्पर्धांनाही बंदी. तसं आता बाहेर जाहीर होईल."

प्रेमराजची कानशिलं तापली. बाहेर, धुळ्याच्या त्या भरलेल्या सभागृहात, पहिल्याच रांगेत त्याचे वडील उखर्डूनाना कडक इस्त्रीची टोपी घालून बसले होते. पोराचं नाव माइकवरून ऐकायला ते पहाटेच जळगावहून निघाले होते.

"आधी मूळ फाइल बघा," तो म्हणाला. "मग खुशाल बंदी घाला."

पुनमनं पिशवीतून लॅपटॉप काढला. कॅमेऱ्यातून आली तशीच फाइल उघडली. सरांनी ती मोठी करून कोपरा न् कोपरा तपासला. पुढचे-मागचे फोटो पाहिले. सगळीकडे तेच.

"झाडंसुद्धा अशी?"

"क्रशरवर पान हिरवं राहत नाही, सर," पुनम म्हणाली.

"आणि ही बाई?"

"माहेरून नुकतीच आली होती. अंगावर धूळ बसायची होती," प्रेमराज म्हणाला. "कशी रुबाबात उभी राहिली बघा. म्हणून तर काढला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकलो मी. माफ करा."

समारंभात पहिलं बक्षीस प्रेमराजला जाहीर झालं. सरांनी घडलेलं सगळं माइकवरून मोकळेपणानं सांगितलं.

"आम्ही या माणसाला लबाड ठरवायला निघालो होतो! एवढ्या धुळीत तेवढं एकच लाल टिपलं यानं. रंगाची अशी नजर उभ्या खान्देशात दुसरी नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना खुर्चीवरून उठून अहिराणीत ओरडले, "मना पोऱ्या शे तो!" लोक हसले, आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. सरांनी तो फोटो सुंदर चौकटीत घालून प्रेमराजच्या हातात दिला आणि त्याला मिठी मारली.

तो मंचावरून उतरला. पायऱ्यांशी पुनम डोळे पुसत उभी होती. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. प्रेमराजनं चौकट उजेडाकडे धरली, बराच वेळ निरखून पाहिली आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं,

"पुनम, यामा लाल कोठे शे?"