बिडू

नट आजही ढिले होते, आणि पाइपावर खडूने लिहिलं होतं : बिडू.

बापूसाहेबाच्या डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षं मुंबईजवळ ठाण्यात काढून तो दोन महिन्यांपूर्वी सोलापुरात, या टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सवर आला होता. बिडू म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तिकडे नाक्यावरची टवाळ पोरं एकमेकांना याच नावाने हाका मारत. म्हणजे हा जो कोण होता, तो नुसता घात करत नव्हता, वर खिजवतही होता.

त्याने शब्द पुसला. भट्टी पेटायच्या आत नट पिळून पाइप धरणारा पट्टा कचकचून आवळला. या पाइपातून तापलेलं तेल टॉवेल वाळवायच्या यंत्राकडे जाई, आणि ते ढकलणाऱ्या पंपाचं सील महिन्यात तीनदा फुटलं होतं. मालकीण विजयमालाबाईंनी काल सरळच सांगितलं होतं, "उद्या संध्याकाळपर्यंत हे कोण करतंय ते शोधा. नाहीतर मला दुसरा मेंटेनन्सवाला शोधावा लागेल." लेकीची शाळा नुकतीच बदललेली. पुन्हा बिऱ्हाड हलवणं त्याला परवडणारं नव्हतं.

संशय सगळ्यांवरच होता. भट्टीवरचा शिवपुत्र नजर चुकवायचा. चहाच्या गाड्यावर बापूसाहेब पोचला, की बाकीच्यांचं कानडी बोलणं बंद पडायचं. काहीतरी शिजत होतं खास.

दुपारी पाळी सुटली, तरी तो घरी गेला नाही. टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसला. साडेतीनला दुपारपाळीचे फिटर सिद्धलिंगप्पा पाना घेऊन आले. वळसंगचा साठीला टेकलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी शांतपणे नट ढिले केले आणि खिशातून खडू काढला.

बापूसाहेबाने त्यांचं मनगट धरलं. "बिडू कुणाला म्हणता, अप्पा?"

"कुणाला न्हाय, सायब. कानडीत बिडू म्हंजे सोड." म्हातारा दचकलासुद्धा नाही. "तापला की पाइप अर्धा इंच लांबतो. हितं सोडला तर तिकडं वळनाच्या बेंडाकडं सरकतो. आवळून धरला तर पंपालाच रेटतो, मग सील जातंय. हितली समदी आमच्याकडची, कानडीच, म्हनून तेवढंच लिवतो. पर सकाळच्याला कोनतरी पुसतंय अन् आवळतंय की. तुमी सकाळी असताय, जरा बगा ना कोन हाय ते."

बापूसाहेबाने मनगट सोडलं. तिन्ही वेळा सील सकाळीच फुटलं होतं.

संध्याकाळी विजयमालाबाई ऑफिसात खुर्चीत वाट बघत होत्या. "सापडला माणूस?"

म्हातारा पाना आणि खडूसकट सापडला होता. त्याचं नाव घेतलं असतं, तर बाईंनी दुसरा प्रश्नही विचारला नसता.

"सापडला, बाई," तो म्हणाला. "रोज सकाळी मीच आवळत होतो."