काट्याच्या जागी पेटी

मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं मी व्होल्टेजच्या काट्यासमोर बसलो. काटा खाली आला की मोटर बंद करायची, एवढंच माझं काम. गेल्या महिन्यात हातखंब्याच्या हेडऑफिसातून आंबर्डेकरसाहेब आले. काटा काढला आणि त्याच जागी एक पेटी बसवली. तिची वायर कारखान्यातल्या एकुलत्या एक फोनला जोडली. व्होल्टेज पडलं की पेटी आपणहून हेडऑफिसला फोन लावणार आणि ते वर येईपर्यंत आकडा कळवत राहणार.

"साहेब, तिच्यासाठी वेगळी लाइन घ्या," मी म्हटलं होतं.

"फोन आहे ना! महिपत, तू आता निवांत बस. बघायचं काम आमचं."

आज सकाळी मोटर जळली. बर्फाविना चार ट्रॉलरची सुरमई धक्क्यावर उन्हात पडली. अकराला साहेब जीपमधून उतरले, तसा मी त्यांच्या अंगावरच गेलो.

"आकडा मिळाला नाही तुम्हाला?"

"मिळाला ना. नऊलाच मिळाला. चारशेचे तीनशे झाले होते."

"मग मोटर बंद कर म्हणून सांगायला तोंड नव्हतं काय?"

साहेबांचाही आवाज चढला. "नऊपासून फोन फिरवतोय! तुमचा फोन सारखा एंगेज! शेवटी जीप काढली."

मी त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. ती अजून हेडऑफिसशी बोलत होती.