खुर्चीमागची पाटी

दिघ्याच्या पालिका शाळेत ठोसर सर अकरा वर्षं मुख्याध्यापक होते. नळाचा वायसर बदलायचा तरी त्यांना बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयात पत्र धाडावं लागे. पण शिक्षकाची नोकरी मागायला माणसं यायची ती त्यांच्याच केबिनमध्ये.

"नेमणूक महापालिका करते. माझ्या हातात काही नाही," सर सांगायचे.

लोक डोळा मिचकावून हसायचे. "तसं म्हणावंच लागतं, सर."

इतकं साधं मराठी लोकांना कळू नये, याचं सरांना नवल वाटे. शेवटी वैतागून त्यांनी तेच वाक्य आपल्या वळणदार अक्षरात पाटीवर लिहून खुर्चीमागे टांगलं.

निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात त्यांना घर खायला उठलं. शाळेत कंत्राटी शिक्षकाची जागा निघाल्याचं कळलं, तसे ते हापूसची पेटी घेऊन नव्या मुख्याध्यापिका नाझिया मॅडमकडे गेले.

मॅडम अवघडल्या. "सर, तुम्हाला मी काय सांगणार?" म्हणत त्यांनी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं.

सरांनी आपलंच अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि पेटी हळूच टेबलाखाली सरकवली.

"तसं लिहावंच लागतं, मॅडम."