धक्क्याचा साचा

लोखंडी खिळ्याने धक्क्यावर ओरखडा उठला नाही. उलट खिळ्याचंच लोखंड झिजून तिथे एक करडी रेघ उमटली. फाउस्तुस मिस्त्रीने ती अंगठ्याने पुसली आणि पुन्हा खिळा घासला.

"पुरे कर म्हाताऱ्या, खिळा संपेल," त्याची बायको हेल्पिस म्हणाली. ती शेजारी चण्यांची टोपली मांडून बसली होती.

रोमचा गहू उतरायचा त्या पुतेओलीच्या बंदरात चुना आणि ज्वालामुखी डोंगराची राख ओतून त्याने हा धक्का उभा केला होता. भोवतीचा लाकडी साचा मात्र अजून तसाच होता. तो निघेपर्यंत जहाज धक्क्याला लागणार नव्हतं. गव्हाची पोती लहान होड्यांतून हेलपाटे घालत किनाऱ्याला यायची. दर वसंतात फाउस्तुस म्हणायचा, अजून एक हिवाळा जाऊ दे.

"आत पोकळी राहिली असली तर? रोमची भाकरी समुद्रात जाईल, तीही माझ्या नावाने."

"मुलीचं लग्न तर एका बैठकीत ठरवलंस."

"जावई बिघडला तर परत करता येतो."

तेवढ्यात टेकडीवरून आरोळी आली. काप्री बेटाकडे शीड दिसलं होतं, डोलकाठीच्या टोकाचं, लहानसं. ते न उतरवता आत यायची मुभा फक्त अलेक्सांद्रियाच्या गव्हाच्या जहाजांना होती. सराफाने घाईघाईने मेज मांडलं, दारूवाल्याने नव्या रांजणाचं तोंड फोडलं आणि जहाज नीट दिसावं म्हणून सगळं गाव धक्क्यावर चढलं.

"उतरा खाली, अजून साचा आहे," फाउस्तुस ओरडला.

कोण ऐकतो. हमाल, कोळणी, सराफाची जाडजूड सासू, सगळे हात धरून नाचायला लागले. टोपली सोडून हेल्पिसही त्यांच्यात शिरली.

फाउस्तुसने वाटीत काठोकाठ पाणी भरून ती धक्क्याच्या टोकाला ठेवली आणि तिच्याशेजारी पोटावर आडवा झाला. पायांच्या दणक्याने पाणी बारीक थरथरत होतं. पण एकाही बाजूला ते कललं नाही. थेंबही सांडला नाही. तो बराच वेळ तसाच पडून राहिला.

जहाजाला सामोरा जाणारा वाटाड्या ओनेसास होडी सोडता सोडता थांबला. "मिस्त्री, नेहमीसारखंच सांगू ना? बाहेरच नांगर टाका म्हणून?"

फाउस्तुस उठला. कपड्यांवरची धूळ झटकली.

"नको. थेट धक्क्याला घेऊन ये. मी साचा काढतो."